लिनक्स टाकायचंय? मग आधी एक संध्याकाळ विंडोजमध्येच घालवा

मामांचा फोन बातम्या संपल्यावर येतो, तसा आला. "अरे, हा लॅपटॉप म्हणतोय की आता तो चालणार नाही. आणि चालतोय तर चांगला!"

दोन्ही खरं होतं. मामांचा लॅपटॉप २०१६ चा, इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम. बटण दाबून चहा टाकावा, चहा उकळेस्तोवर पडदा उजळतो. पण चालतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० वरून हात काढून घेतला. याचा अर्थ यंत्र बंद पडतं असा नाही. त्यात नवी भोकं सापडली तर ती बुजवायला कंपनी येणार नाही, असा आहे. नाव नोंदवलं तर घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, पण ती मुदतवाढ झाली, उपाय नव्हे. विंडोज ११ वर जावं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा हवा. मामांचा लॅपटॉप दोन पिढ्यांनी हुकला.

म्हटलं, लिनक्स टाकू या, म्हणजे विंडोजच्या जागी दुसरी, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. मामा क्षणभर गप्प राहिले आणि मग विचारलं, "त्यात माझ्या पेन्शनच्या फायली जातील का?"

लिनक्सबद्दल विचारायचा सगळ्यात शहाणा प्रश्न हाच आहे. "लिनक्स बसवणं फार अवघड" असं जे बोललं जातं, ते बसवण्याच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांमुळे नाही. नवख्या माणसाचं अडतं ते त्याच्या आधी: फायलींची दुसरी प्रत नाही, डिस्कला कुलूप आहे हेच माहीत नाही, पेनड्राइव्हवरून यंत्र सुरूच होत नाही. ही सगळी कामं जुनं विंडोज धडधाकट असताना निवांत करता येतात. ती केली की पुढे फारसं काही उरत नाही.

लिनक्स नावाची एक वस्तू नाही

आपली एसटी कशी तयार होते? महामंडळ चॅसिस विकत घेतं, म्हणजे इंजिन, चाकं आणि सांगाडा. त्यावर दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत बॉडी बांधली जाते. चॅसिस एकच असला तरी त्यावर काय बांधलं, खुर्च्या कशा बसवल्या, यावर गाडी वेगळी होते.

लिनक्स हा असाच चॅसिस आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो बनवायला घेतला. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे. त्यावर खिडक्या, मेनू, ब्राउझर, छपाईची सोय अशी बॉडी चढवून जी वापरण्याजोगी गाडी तयार होते, तिला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, बोलताना 'डिस्ट्रो'. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट या सगळ्या डिस्ट्रो.

कुठली घ्यावी यावर लोक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. विंडोजची सवय असलेल्या माणसाला मी एकच नाव सांगतो: लिनक्स मिंट. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, फायलींची पिवळ्या-हिरव्या फोल्डरांची खिडकी. बघितल्यावर परकं वाटत नाही. मिंट २२ ची मालिका २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. किमान गरज दोन जीबी रॅमची, पण चार असेल तरच सुखाने चालतं. तिचे तीन अवतार आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. चार जीबीच्या जुन्या यंत्रावर एक्सएफसीई घ्यावा, जरा बऱ्या यंत्रावर सिनॅमन.

बिऱ्हाड हलवण्याआधी राहून बघा

लिनक्सची एक सोय नवख्या लोकांना सांगितलीच जात नाही. ते न बसवताही वापरता येतं. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं की अख्खं लिनक्स थेट रॅममध्ये उघडतं आणि डिस्कवरच्या कशालाही हात लावत नाही. याला 'लाइव्ह' म्हणतात. ब्राउझर उघडा, व्हिडिओ लावा, वायफाय जोडा, आवाज येतोय का पाहा, कॅमेरा लागतोय का पाहा, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतंय का तेही पाहा. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं की विंडोज जसंच्या तसं.

अर्धा तास तरी असं वापरल्याशिवाय बसवू नका. लाइव्हमध्ये जे चालतं ते बसवल्यावर बहुधा चालतंच. जे चालत नाही, ते आत्ताच कळलेलं बरं. वेगावरून मात्र मत बनवू नका. पेनड्राइव्ह मुळात मंद असतो, खरं लिनक्स त्याहून चपळ चालतं.

पेनड्राइव्हवर फाइल चिकटवून भागत नाही

मिंटची डाउनलोड केलेली फाइल 'आयएसओ' असते, सुमारे तीन जीबीची. बरेच जण ती गाण्यांसारखी पेनड्राइव्हवर कॉपी करतात आणि मग यंत्र तिला ओळखतच नाही म्हणून वैतागतात. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा छाप आहे. घराचा नकाशा घरात आणून ठेवला म्हणून घर उभं राहत नाही, तो जमिनीवर उतरवावा लागतो. हे उतरवण्याचं काम रूफस किंवा बलेना एचर ही छोटी फुकट सॉफ्टवेअर करतात. रूफसने काही विचारलं तर त्याने स्वतः 'रेकमेंडेड' म्हणून सुचवलेलाच पर्याय ठेवा. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा मुलीच्या गॅदरिंगचे व्हिडिओ असलेला घेऊ नका.

फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या आणि तिचा ठसा जुळवा. ठसा म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ६४ अक्षरांचा आकडा. फाइलमधला एक कण जरी बदलला तरी तो पार वेगळा येतो. रूफसमध्येच तो काढायचं बटण आहे. तो साइटवर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. हा अतिरेक वाटेल, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचीच साइट फोडून हल्लेखोरांनी तिथल्या दुव्यामागे भेसळ केलेली आयएसओ ठेवली होती. नेट मध्येच तुटून अर्धवट उतरलेली फाइल तर आपल्याकडे रोजचीच. तिच्यामुळे बसवणं ऐंशी टक्क्यांवर अडकतं आणि शिव्या लिनक्सला बसतात.

ती एक संध्याकाळ

आता मूळ काम. हे सगळं विंडोजमध्ये बसून करायचं आहे.

पहिलं, फायलींची प्रत. बाहेरच्या डिस्कवर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चारही फोल्डर कॉपी करा. डेस्कटॉप विसरू नका, आपल्याकडे निम्मा संसार डेस्कटॉपवरच पसरलेला असतो. मामांच्या पेन्शनच्या फायली 'न्यू फोल्डर (३)' मध्ये होत्या. कॉपी झाल्यावर ती बाहेरची डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून दोन-चार फायली उघडून बघा. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. हे मी होस्टेलमध्ये असताना शिकलो, जेव्हा उबुंटू टाकताना अख्खी डिस्क पुसली आणि मग लक्षात आलं की दादाच्या लग्नाचे फोटो कॉपी केलेल्या सीडीवर फक्त फोल्डरांची नावं आहेत. वहिनी अजून विषय काढते.

दुसरं, बिटलॉकर. अनेक नव्या लॅपटॉपवर विंडोज डिस्कला आपणहून कुलूप घालतं आणि मालकाला त्याची गंधवार्ता नसते. रोज कुलूप आपोआप उघडतं, म्हणून ते दिसत नाही. पण सुरू होण्याच्या पद्धतीत काही बदल केला की विंडोज सावध होतं आणि ४८ अंकी किल्ली मागतं. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तेव्हा सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' शोधा. चालू असेल तर किल्ली कागदावर उतरवून घ्या, फोनमध्ये फोटोही काढा. विंडोजशेजारी लिनक्स ठेवायचं असेल तर कुलूप काढूनच टाका. काढायला तास-दोन तास लागू शकतात, चार्जर लावून ठेवा.

तिसरं, फास्ट स्टार्टअप. शट डाउन केल्यावर विंडोज खरं तर पूर्ण बंद होत नाही, वामकुक्षी घेतं. आपली अर्धी स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. अशा झोपलेल्या विंडोजच्या फायलींना हात लावला तर घोळ होऊ शकतो, हे लिनक्सला माहीत असतं. म्हणून ते त्या फायली नुसत्या वाचू देतं किंवा उघडायलाच नकार देतं. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन त्याची खूण काढा.

चौथं, शेजारी-शेजारी ठेवायचं असेल तर जागा मोकळी करणं. त्यासाठी आधी डिस्कचं दुखणं समजून घेऊ.

वाटणी, सातबारा आणि खरी भीती

डिस्क म्हणजे शेत. त्याचे पाडलेले तुकडे म्हणजे पार्टिशन, आणि कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत, कोणाच्या नावावर, याची नोंद ठेवणारा तक्ता म्हणजे सातबारा. तुम्हाला विंडोजमध्ये 'सी' आणि 'डी' दिसतात, पण सातबाऱ्यावर आणखी दोन-तीन लहान तुकडे असतात. एक बांधावरच्या वाटेएवढा, यंत्र सुरू करण्यासाठीचा. एक विंडोजच्या दुरुस्तीचा. हे तुकडे नवखा माणूस "रिकामे दिसतायत" म्हणून उडवतो आणि फसतो.

लिनक्स बसवताना विचारलेल्या दहा प्रश्नांतला एकच धोक्याचा असतो: कुठे बसवू? पर्याय साधारण तीन असतात. विंडोजच्या शेजारी बसव. अख्खी डिस्क पुसून बसव. किंवा 'समथिंग एल्स', म्हणजे वाटणी मी स्वतः करतो. पहिल्यांदा बसवणाऱ्याने तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. तिथे तलाठी तुम्हीच, आणि खोडरबरही तुमच्याच हातात.

शेजारी बसवायचं असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'सी' वर उजवी टिचकी मारा आणि 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. किमान पन्नास जीबी सोडवून घ्या, शंभर असेल तर उत्तम. सोडवलेल्या जागेला नाव देऊ नका, फॉरमॅट करू नका, पडीक राहू द्या. विंडोजने स्वतःचं शेत स्वतः आक्रसून घेतलं की त्याची तक्रार राहत नाही. लिनक्स ती पडीक जमीन ओळखून तिथे बसतं.

माझा खरा सल्ला मात्र वेगळा आहे आणि मामांच्या बाबतीत आम्ही तोच पाळला. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून नवी एसएसडी (चकती न फिरवता चालणारी वेगवान डिस्क) टाका आणि लिनक्स त्या कोऱ्या एसएसडीवर बसवा. वाटणीचा प्रश्नच येत नाही. "अख्खी डिस्क पूस" हा पर्याय बिनधास्त दाबता येतो, कारण पुसायला काही नसतंच. काही बिनसलं तर जुनी डिस्क परत लावली की विंडोज होतं तिथेच. शिवाय जुन्या यंत्राचा वेग एसएसडीमुळे जितका वाढतो, तितका कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमने वाढत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये हे घरी जमणारं नसतं, तिथे गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

दारावरचा वॉचमन

यंत्राचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जागं होतं ते यूईएफआय. जुने लोक अजून त्याला बायोस म्हणतात, म्हणू द्या. हा सोसायटीचा वॉचमन. आत कोणाला सोडायचं हे तो ठरवतो आणि रोजच्या सवयीने थेट विंडोजकडे पाठवतो. पेनड्राइव्हकडे पाठवायचं तर त्याला थांबवून सांगावं लागतं. डेल, लेनोवोत बहुधा एफ१२, एचपीत एफ९, आसूसमध्ये एस्केप. पडदा उजळण्याआधी ते बटण टकटक दाबत राहायचं. अर्ध्या लोकांचा नेम इथेच चुकतो.

त्याहून सोपी वाट विंडोजमधूनच जाते. शिफ्ट दाबून ठेवा आणि रीस्टार्टवर टिचकी मारा. निळा पडदा येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' निवडा आणि पेनड्राइव्हचं नाव दाबा. टकटक नको, नेम नको. (काही यंत्रांवर हा पर्याय दिसत नाही, तिथे टकटकीला इलाज नाही.)

वॉचमनकडे एक नियमही असतो: सिक्युअर बूट. ज्याच्या पत्रावर मान्य शिक्का आहे त्यालाच आत सोडायचं. "लिनक्स टाकण्यासाठी सिक्युअर बूट बंद करा" हा सल्ला जिथे-तिथे मिळतो, पण मिंट आणि उबुंटूला त्याची गरज नाही. त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टने सही केलेलं ओळखपत्र असतं. गंमत आहे, पण आहे. गडबड होते ती पुढच्या पायरीवर. बसवताना तुम्ही जादा ड्रायव्हर (यंत्राच्या भागांशी बोलणारं सॉफ्टवेअर) किंवा कोडेक (व्हिडिओ-गाणी उलगडणारं सॉफ्टवेअर) घ्यायची खूण केली, तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पहिल्यांदा पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. इथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाबरून काहीच दाबत नाहीत, यंत्र पुढे निघून जातं, आणि मग ग्राफिक्स का चालत नाही याचा शोध दोन दिवस चालतो.

बसवून झाल्यावर वॉचमन आधी ग्रब नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे पाठवतो. तो रोज विचारतो, "कोणाकडे जायचंय? लिनक्स की विंडोज?" मोठं अपडेट आलं की विंडोज कधीकधी पुन्हा स्वतःला पहिल्या क्रमांकावर बसवतं. लिनक्स गेलेलं नसतं, यूईएफआयमध्ये जाऊन क्रम बदलला की परत दिसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र प्रकरण पुढे गेलं होतं. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुनी ओळखपत्रं बाद केली आणि दोन्ही नांदत असलेल्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरूच होईना. एका छपराखाली दोन सिस्टिम ठेवायच्या तर अशी भांडणं अधूनमधून होणार, हे धरून चाला.

खुद्द बसवणं

लाइव्हमध्ये पडद्यावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह असतं. त्यावर दोनदा टिचकी. भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो. कीबोर्ड इंग्रजीच ठेवा, कारण देवनागरी निवडलात तर पासवर्ड कुठल्या लिपीत दिला याचा दुसऱ्या दिवशी घोळ होतो. मराठी नंतर दोन मिनिटांत येते. मल्टिमीडिया कोडेकची खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत. मग तो वाटणीचा प्रश्न. त्यानंतर एक छोटी चौकट येते आणि डिस्कवर काय बदल होणार त्याची यादी दाखवते. या चौकटीवर 'कंटिन्यू' दाबेपर्यंत काहीही झालेलं नसतं. इथे थांबून डिस्कचं नाव आणि आकार वाचा. ५०० जीबीची तुमची जुनी डिस्क आणि २५६ ची नवी, कोणती लिहिली आहे? शंका आली तर मागे फिरा. मागे फिरायची ही शेवटची जागा.

पुढे नकाशावर कोलकाता येतं. मुंबई शोधत बसू नका, भारताची वेळ त्याच नावाने आहे. नाव, पासवर्ड, आणि मग चहा. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतो.

दोन अडथळे सांगून ठेवतो. पडदा काळा पडला तर पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू करून पहिल्या मेनूत 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा. हा त्रास बहुतेक एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या यंत्रांवर होतो. आणि बसवताना डिस्कच दिसली नाही, तर वॉचमनच्या सेटिंगमध्ये डिस्क 'आरएसटी' किंवा 'रेड' पद्धतीवर असू शकते. ती बदलली की विंडोज रुसतं, तेव्हा एकट्याने उचापती न करता जाणकाराला बोलवा.

वायफाय दिसत नाही!

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. वायफायची चिप तिच्या भाषेत बोलते, लिनक्स आपल्या. बहुतेक दुभाषे लिनक्स सोबतच घेऊन येतं, म्हणून सीडी-बीडी लागत नाही. पण काही चिपांचे, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, दुभाषे वेगळे मागवावे लागतात. मग तिढा पडतो: नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट हवं.

सुटका खिशातच आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला वाटतं कोणीतरी नेटची तार लावली. कुठलाही ड्रायव्हर न घालता नेट सुरू होतं. मग मेनूतलं 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, तो काय हवं ते शोधून देतो. या एका केबलने मी जितके लॅपटॉप मार्गी लावले, तितके कुठल्याच ज्ञानाने लावले नाहीत.

दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट चक्रावते. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ कधीकधी बरोब्बर साडेपाच तास मागे दिसतं. बॅटरी गेली नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळाला विंडोज भारतीय वेळ समजतं आणि लिनक्स ग्रीनिचची. मधलं अंतर साडेपाच तास. लिनक्सला एकदा विंडोजसारखं वागायला सांगितलं की मिटतं.

मराठीचं काय?

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'मराठी' शोधलं की इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींची ठरलेली मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे) असे दोन्ही मिळतात, विकत काही घ्यावं लागत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'जे' दाबलं की 'ऱ' येतो, म्हणजे 'दुसऱ्या', 'तऱ्हा' नीट उमटतात. देवनागरी फॉन्ट आधीपासूनच असतात. त्यातला लोहित हा रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळलेला.

दुखणं आहे ते जुन्या फायलींचं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या काळात श्री-लिपी, कृतीदेव अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर जंजाळ दिसतो. हे विंडोजवरही होतंच, पण तिथे फॉन्ट आधीपासून बसवलेला असतो म्हणून जाणवत नाही. अशा फायली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा पीडीएफ करून ठेवा.

पण माझं टॅली?

इथे गोड बोलून उपयोग नाही. टॅली विंडोजसाठी बनतं. फोटोशॉप लिनक्सवर येत नाही. छपाईवाल्यांची बरीचशी सॉफ्टवेअर येत नाहीत. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून सरकारी पोर्टलवर कागद भरणाऱ्यांनी आधी त्या-त्या पोर्टलवर लिनक्स चालतं का हे तपासावं. 'वाइन' नावाच्या सोयीने काही विंडोज सॉफ्टवेअर चालतात, पण ज्यावर पोट आहे ते तिच्या भरवशावर टाकू नये. व्हॅलोरंटसारखे फसवणूकविरोधी पहारा असलेले काही खेळही चालत नाहीत. पोरगं रडेल.

एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस साध्या तक्त्यांना पुरतं. मॅक्रोंनी गच्च भरलेल्या शीटला पुरत नाही. प्रिंटरमध्ये वायफायवाले नवे बहुतेक आपोआप सापडतात. बनवणाऱ्याची स्वतःचीच भाषा बोलणारे काही जुने छोटे लेझर प्रिंटर मात्र छळतात, म्हणून लाइव्हमध्ये असतानाच एक पान छापून बघा.

"काळ्या पडद्यावर कमांडी द्याव्या लागतात का?" रोजच्या कामात नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून हवं ते घ्यायचं, अपडेट मॅनेजरमधून अपडेट करायचं. पहिल्याच दिवशी 'टाइमशिफ्ट' चालू करा. ते सिस्टिमच्या जुन्या स्थितीच्या प्रती जपून ठेवतं, काही बिघडलं तर कालच्या स्थितीवर परत जाता येतं. आणि नेटवर सापडलेली 'सुडो' ने सुरू होणारी ओळ अर्थ न कळता चिकटवू नका. सुडो म्हणजे घरमालकाच्या अधिकाराने दिलेला हुकूम, तो कोणी विचारत नाही, थेट पाळला जातो.

"फुकट आहे, म्हणजे आपली माहिती विकत असतील?" हा मामांचा प्रश्न. लिनक्सच्या चॅसिसवर काम करणारे बरेच जण इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांत पगारी आहेत, कारण त्यांचे सर्व्हर त्यावरच चालतात. मिंट देणग्यांवर आणि प्रायोजकांवर चालतं. आतला मजकूर कोणालाही वाचायला खुला आहे. मामा म्हणाले, "मग बरं. आपल्या वाचनालयासारखं."

आमच्याकडे एसएसडी बदलण्यासकट सगळं दीड तासात झालं. त्यातला अर्धा तास मामांनी पत्ते खेळून बघण्यात घालवला. आता पडदा उजळायला चहा टाकावा लागत नाही, याची त्यांना थोडी रुखरुख आहे. जुनी डिस्क त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात एलआयसीच्या पावत्यांशेजारी ठेवली आहे. वर चिठ्ठी, त्यांच्या शिक्षकी अक्षरात: 'विंडोज. चालू स्थितीत. टाकू नये.'